कार्ड गेलंय म्हणाले, पण कार्ड बिचारं ठणठणीत होतं: एका ड्रायव्हर क्रॅशची पूर्ण केस

मावशीचा धाकटा कोल्हापूरला असतो, राजारामपुरीत, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. घरात सगळे त्याला बारक्या म्हणतात म्हणून इथेही बारक्याच. जुलै २०२४ संपता संपता एका रात्री साडेअकराला त्याचा फोन, "दादा, नवीन ग्राफिक्स ड्रायव्हर टाकला आणि वाट लागली बघ सगळी." म्हटलं वाट लागली म्हणजे नेमकं काय ते सांग. तर गेम चालू असताना चित्र जागेवर थिजतं, आवाज मागे तेवढा चालू राहतो, मग दोन-तीन सेकंद स्क्रीन काळी, मग डेस्कटॉप येतो आणि गेम गायब. कधी दहा मिनिटांत होतं, कधी चाळीस मिनिटं काही होत नाही. पीसी बंद पडत नाही, रीस्टार्ट होत नाही. आणि व्हॅलोरंट खेळला तर रात्रभर काही नाही, फक्त तो नवीन ओपन वर्ल्डवाला गेम लावला की होतं.

ही केस सुटायला सहा आठवडे लागले आणि त्यातले पाच माझ्या चुकीने गेले हे आधीच सांगतो. चुका पण लिहितोय कारण तुम्ही पण त्याच क्रमाने त्याच चुका करणार, मी लोकांचे पीसी दहा-बारा वर्षं दुरुस्त करतोय आणि तरी केल्या.

मशीन मीच जुळवून दिलेलं होतं. २०२२ च्या सुरुवातीला घेतलं, तेव्हा क्रिप्टो चलनाच्या मायनिंगमुळे ग्राफिक्स कार्डांचे भाव डोक्यावरून जात होते, म्हणून म्हटलं सध्या एएमडीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर घे, त्यात ग्राफिक्स आतच आहे, कार्ड नंतर बघू. बी५५० चा मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम, ६५० वॅटचा ब्राँझ रेटिंगचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा). मग सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंगच बंद झालं आणि सेकंडहँड कार्डांचा पूर आला, त्यात त्याने एक ३०६० टीआय उचललं. दिवाळीला काचेचा कॅबिनेट घेतला, ज्यात कार्ड उभं लावता येतं, म्हणजे कार्डाचे पंखे काचेतून समोर दिसतात, आरजीबी वगैरे. त्या वयात हे लागतंच. त्यानंतर जवळजवळ पावणेदोन वर्षं एकही तक्रार नाही.

म्हणजे पहिल्या फोनवर माझ्या डोक्यात असलेलं चित्र हे असं होतं. ते चुकीचं होतं, पण ते मला सप्टेंबरात कळलं.

आता तो जो मेसेज येतो त्याबद्दल, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडला की सोर्स डिस्प्ले, आयडी ४१०१, आणि त्यात लिहिलेलं की एनव्हीएलडीडीएमकेएम नावाच्या ड्रायव्हरने उत्तर देणं थांबवलं आणि तो परत सावरला. हे वाचून शंभरातले नव्व्याण्णव लोक म्हणतात ड्रायव्हर खराब. पण हा मेसेज ड्रायव्हरने लिहिलेला नाही, विंडोजने लिहिलाय. व्हिस्टापासून विंडोजमध्ये टीडीआर म्हणून एक राखणदार आहे, तो कार्डाला दिलेलं काम किती वेळ अडकलंय ते बघत बसतो, आणि डिफॉल्टला २ सेकंद काहीच हललं नाही की ड्रायव्हर आणि कार्ड दोन्ही रिसेट करतो. असं ६० सेकंदांत ५ पेक्षा जास्त वेळा झालं किंवा रिसेटच जमला नाही की मग निळी स्क्रीन, ०x११६, व्हिडिओ टीडीआर फेल्युअर. एवढंच. विंडोज फक्त सांगतंय की मी हाक मारली, २ सेकंदांत ओ आली नाही. का आली नाही हे त्याला माहीतच नाही. कार्ड तापलं असेल, व्होल्टेज पडलं असेल, व्हीआरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) गेली असेल, रॅम चुकीचं देत असेल, मधली वाट खराब असेल, सगळ्याला मेसेज हाच. दार उघडलं नाही म्हणून आतला माणूस मेला असं पोस्टमनने लिहून देण्यासारखं आहे हे.

त्याच वर्षी मोठ्या प्रमाणावर असंच झालेलं. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या जनरेशनच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरवर लोकांना गेम उघडताना व्हिडिओ मेमरी संपली म्हणून एरर यायची, लोक कार्डाला शिव्या घालत होते, आणि निघाला प्रोसेसर, इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये त्यासाठी ०x१२९ नावाचा मायक्रोकोड काढला. बारक्याचं मशीन एएमडीचं, त्यामुळे ते इथे लागू नव्हतं, पण बोंब एकाच्या नावाने आणि चोर दुसराच, हा प्रकार तोच.

बरं, तर पहिला आठवडा ड्रायव्हरवर गेला. त्याला विचारलं काय बदललंस, तो म्हणाला काही नाही, फक्त ड्रायव्हर. मग साहजिकच. त्याचा पीसी रिमोटवर घेतला, डीडीयू (ड्रायव्हर पुसून काढणारं टूल) उतरवून घेतला, नेटची वायर काढायला लावली (नाहीतर विंडोज अपडेट मधेच स्वतःचा ड्रायव्हर घुसवतो), सेफ मोडमध्ये जाऊन जुना ड्रायव्हर मुळापासून साफ, मग दोन व्हर्जन आधीचा टाकला. दोन तास बरं चाललं, तो खूश, मी खूश. रात्री परत फोन. मग चार व्हर्जन आधीचा. मग स्टुडिओ ड्रायव्हर. मग नेटवर लोक सांगतात ते सगळे उपाय, एमपीओ बंद, हार्डवेअर शेड्युलिंग बंद, ओव्हरले बंद, रेकॉर्डिंग बंद. एकाने सांगितलेलं की रजिस्ट्रीत टीडीआरडिले, म्हणजे तो राखणदार किती सेकंद थांबतो ते, वाढवा म्हणून तो २ चा १० केला. त्याने काय झालं तर आधी गेम २ सेकंद थिजून पडायचा, आता १० सेकंद थिजून पडायला लागला. खरं तर ही चांगली माहिती होती, की कार्ड हळू नव्हतं, २ सेकंद पुरले नाहीत असं नव्हतं, ते अडकलं की अडकलंच. पण तेव्हा मी तसा विचार केला नाही, वैतागून परत २ केला आणि पुढे गेलो.

दुसरा संशय साहजिकच कार्डावर. सेकंडहँड, तेही मायनिंगच्या काळातलं. बारक्याने तिथल्या एका दुकानात फोन करून विचारलं, दुकानदाराने मशीन न बघताच सांगितलं, "मायनिंगचं कार्ड हाय न्हवं, गेलंय ते, घेऊन या, एक्स्चेंजमध्ये बघू काय तरी." पोरगा हादरला. मी त्याला एचडब्ल्यूइन्फो लावायला सांगितलं, तापमानं बघितली, कार्ड ६९ वर, हॉटस्पॉट ८२, म्हणजे ठीक. मग फरमार्क लावला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एक केसाळ गोल चकती फिरते आणि कार्डाचा घाम काढते. एक तास चालवलं, २०० वॅट सतत, काही नाही. गेम लावला, अठरा मिनिटांत आडवा.

इथे मी डोकं लावायला हवं होतं. फरमार्क कार्डाला पूर्ण पिळतो, पण त्याला लागणारं सगळं सामान एकदा कार्डाच्या मेमरीत गेलं की बाहेरून जवळजवळ काही आणावं लागत नाही. ओपन वर्ल्ड गेम उलटा, तुम्ही गाडी पळवाल तसा तो पुढच्या गल्लीतल्या भिंती, झाडं, माणसं सतत बाहेरून कार्डात ओतत राहतो. म्हणजे फरमार्क पास आणि गेम फेल याचा अर्थ कार्डाच्या आत बघण्याआधी कार्डापर्यंत येणाऱ्या रस्त्याकडे बघा. हे मला आता सुचतंय. तेव्हा मी काय ठरवलं, तर पॉवर. कारण गेममध्ये लोड वरखाली होतो, फरमार्कमध्ये एकसारखा असतो, आणि वरखाली होताना एसएमपीएस दम टाकतो हेही खरंच असतं. चुकीचं नव्हतं, पण दोनपैकी एकच शक्यता धरून बसलो.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मावशीचे शेजारी पुण्याला येत होते, त्यांच्याबरोबर कार्ड मागवलं. टॉवेलात गुंडाळून स्टीलच्या डब्यात आलं, वर मावशीने चिवड्याची पिशवी ठेवलेली. (कार्ड टॉवेलात गुंडाळू नका, अँटीस्टॅटिक पिशवी जपून ठेवत जा.) माझ्या पीसीत आठ दिवस लावलं, तोच गेम, तोच ड्रायव्हर, रोज रात्री दोन-तीन तास. एकदाही काही नाही.

आणि आता सगळ्यात मोठी चूक. त्या आठ दिवसांत मी बारक्याला म्हटलं, अरे तोवर निदान कॉलेजचं काम तरी करत जा पीसीवर. तो म्हणाला, "दादा कार्डच तुझ्याकडं हाय, डिस्प्ले कुठनं येणार, बंद हाय पीसी." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. वर वाचलंत ना मी काय लिहिलंय? ५६००जी. ग्राफिक्स आतच. मदरबोर्डच्या एचडीएमआयला वायर लावली की डिस्प्ले यायलाच पाहिजे, तेवढ्यासाठीच तर तो प्रोसेसर मी घ्यायला लावलेला आणि कार्ड नसताना कित्येक महिने पोरगा त्याच्यावरच चालवत होता. तो वाक्य बोलला, मी ऐकलं, आणि एका कानातून आत दुसऱ्यातून बाहेर.

कार्ड परत गेलं. कार्ड चांगलं म्हणजे एसएमपीएस खराब असं धरून मी माझ्याकडचा ७५० वॅटचा एक पाठवला, पार्सलने. लावला, क्रॅश. रॅमचं एक्सएमपी (जादा वेगाचं सेटिंग) बंद केलं, २१३३ वर चालवली, क्रॅश. मेमटेस्ट रात्रभर, शून्य एरर. मग मला वाटलं माझ्याकडे चालतं आणि त्याच्याकडे नाही म्हणजे घराचा काही प्रॉब्लेम, अर्थिंग. मावशीचं घर जुनं, वायरिंग काकांच्या लग्नाच्या वेळचं. वायरमन बोलावला, त्याने न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर लावून बघितलं, दोन-अडीच व्होल्ट, म्हणजे काही तक्रार नाही, पाचशे रुपये घेऊन गेला आणि जाताना मावशीला सांगून गेला की पोराला जरा अभ्यासाला लावा. याच सुमारास एकदा ती निळी स्क्रीनपण आली, ०x११६.

गौरी-गणपतीला मी कोल्हापूरला गेलोच होतो. दर्शन, जेवण, पुरणपोळी सगळं झाल्यावर दुपारी सगळे आडवे झाले तेव्हा वर त्याच्या खोलीत गेलो आणि पहिल्यांदा ते मशीन स्वतःच्या हाताने उघडलं. फोनवरून आणि रिमोटवरून माणूस दुसरा जे दाखवेल तेवढंच बघतो, समोर बसल्यावर नजर इकडेतिकडे फिरते, तेवढाच फरक.

इव्हेंट व्ह्यूअर परत उघडला. रिमोटवर मी प्रत्येक वेळी फिल्टर लावताना क्रिटिकल आणि एरर एवढ्याच दोन चौकटींवर टिक केलेली, कारण वॉर्निंग चालू केलं की कचरा फार येतो. या वेळी काहीच फिल्टर न लावता नुसतं क्रॅश झालेल्या मिनिटापाशी गेलो आणि वर-खाली बघत बसलो. ४१०१ होता, सोबत एनव्हीएलडीडीएमकेएमचे १५३ होते, आणि त्यांच्या आधी पिवळ्या त्रिकोणांची लांबच लांब रांग. डब्ल्यूएचईए-लॉगर, आयडी १७. करेक्टेड हार्डवेअर एरर. कंपोनंट, पीसीआय एक्स्प्रेस रूट पोर्ट. एका सेकंदात आठ-आठ, दहा-दहा. आणि प्रत्येकात तोच पत्ता, बस ०, डिव्हाइस ३, फंक्शन १. डिव्हाइस मॅनेजरमध्ये व्ह्यू बाय कनेक्शन करून तो पत्ता शोधला तर त्या पोर्टच्या खाली काय लटकलंय, ग्राफिक्स कार्ड. जुलैपासूनचं सगळं तिथे होतं. हजारो नोंदी. एरर नाही म्हणून, दुरुस्त झालेली चूक म्हणून, नुसती वॉर्निंग म्हणून मी पाच आठवडे बघितलंच नव्हतं.

पीसीआय एक्स्प्रेसमध्ये कसं असतं, प्रोसेसर आणि कार्ड एकमेकांना डेटाची पाकिटं पाठवतात, प्रत्येक पाकिटाबरोबर तपासणीचा एक आकडा असतो, आकडा जुळला नाही तर घेणारा म्हणतो परत पाठव, आणि देणारा परत पाठवतो. तुम्हाला पत्ताही लागत नाही. त्याच संध्याकाळी खाली गल्लीत मंडळाचा साउंड लागलेला, मावशी किचनमधून काहीतरी ओरडत होती आणि मी दर वेळी काय? काय? परत सांग म्हणत होतो, तेच हे. थोडा गोंगाट असेल तर दोनदा-तीनदा विचारून काम होतं, फारच असेल तर बोलणंच थांबतं, आणि इथे ते २ सेकंद थांबलं की विंडोजचा राखणदार दांडकं घेऊन उभाच.

म्हणजे रस्ता खराब. आणि रस्ता म्हणजे काय, तर उभं कार्ड मदरबोर्डला थेट नसतंच, मधे एक चपटी, हातभर लांबीची रायझर केबल असते. कॅबिनेटबरोबरच आलेली. काच काढून बघितली तर बारीक अक्षरात जनरेशन ३ लिहिलेलं.

पण मग प्रश्न उरतोच. ही केबल दिवाळी २०२२ पासून आहे, पावणेदोन वर्षं का चालली?

गेम लावून एचडब्ल्यूइन्फोमध्ये लिंक स्पीड बघितला. डेस्कटॉपवर नुसतं बसलं की २.५, हे नॉर्मल आहे, वीज वाचवायला लिंक स्वतःहून खाली येते, जीपीयू-झेड नावाच्या टूलमध्ये पण तेव्हा जनरेशन १.१ दिसतं आणि लोक उगाच घाबरतात. गेम सुरू झाला आणि तो आकडा उडी मारून १६.० वर गेला. सोळा म्हणजे जनरेशन ४. तिसऱ्या जनरेशनचा वेग ८ असतो, चौथ्याचा बरोबर दुप्पट. आणि मी त्या आकड्याकडे बघतच राहिलो, कारण ५६००जी वर हा आकडा येऊच शकत नाही. ५६००जी पीसीआय एक्स्प्रेस ३ च्या पुढे जातच नाही, मदरबोर्ड काही का असेना, कार्ड काही का असेना.

"बारक्या, प्रोसेसर कुठला आहे रे ह्याच्यात?"

तो उठला, जिन्याकडचं दार लावलं, आणि मग हळू आवाजात, "दादा, आईला सांगू नको."

तर जुलैत त्याने ५७००एक्स३डी घेतलेला. वीसेक हजारांचा. मावशीला सांगितलेलं कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी सामान लागतंय. दुकानदाराने बायोस (मदरबोर्डचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून नवीन प्रोसेसर बसवून दिला, जुना ठेवून घेतला. मला फोनवर का नाही सांगितलं, तर प्रत्येक वेळी फोन करताना मावशी तिथेच बसलेली असायची. आणि त्याच्या मते ते सांगण्यासारखं नव्हतंच, क्रॅश ग्राफिक्सचा होतोय, प्रोसेसरचा काय संबंध. शिवाय प्रोसेसर बसवल्यावर तीन दिवस सगळं चांगलं चाललेलं, कारण तीन दिवस तो व्हॅलोरंटच खेळत होता. चौथ्या दिवशी नवीन गेम डाउनलोड झाला, गेमने सांगितलं ड्रायव्हर अपडेट कर, त्याने केला, आणि त्याच रात्री पहिला क्रॅश. तो खोटं बोलला नव्हता, त्याच्या हिशोबाने खरंच फक्त ड्रायव्हर बदललेला. मी रिमोटवर असताना टास्क मॅनेजर दहा वेळा उघडला असेन, त्यात प्रोसेसरचं नाव मोठ्या अक्षरात असतं, पण मी थेट जीपीयूच्या टॅबवर.

आता सगळं जुळलं. आधी प्रोसेसरच ३ वर अडवून धरत होता, त्यामुळे तिसऱ्या जनरेशनच्या केबलला आपल्या लायकीचंच काम मिळत होतं. नवीन प्रोसेसर ४ बोलतो, मदरबोर्ड ४ बोलतो, कार्ड ४ बोलतं, बायोसमध्ये सेटिंग ऑटो, तिघांनी आपसात ठरवलं की चला ४ वर. मधल्या केबलला कोणी विचारलंच नाही, आणि विचारणार कसं, ती नुसती तांब्याची तार, तिच्यात चिप नाही की काही नाही जे सांगेल की बाबांनो मला झेपणार नाही. सुरुवातीची ओळखपरेड ती कशीबशी पार पाडायची, कमी डेटाच्या गेममध्ये निभावून न्यायची, ओपन वर्ल्डचा लोंढा आला की चुका वाढायच्या आणि कधीतरी तुंबायचं. माझ्याकडे पुण्यात कार्ड थेट स्लॉटमध्ये होतं म्हणून गुण्यागोविंदाने चाललं. म्हणून घर खराब वाटलं, म्हणून वायरमन.

नुसतं जुळलं म्हणून मी सोडलं नाही, कारण याआधी एसएमपीएसपण मस्त जुळलेला. पाच चाचण्या केल्या, एका वेळी एकच गोष्ट बदलून. आधी कार्ड रायझरवरून काढून थेट स्लॉटमध्ये लावलं, जनरेशन ४ वर, तोच नवीन ड्रायव्हर टाकून ज्याला जुलैत शिव्या घातलेल्या. तीन तास गेम, एचडब्ल्यूइन्फोच्या तळाला डब्ल्यूएचईएचा काउंटर असतो तो शून्यावर. मग परत रायझरवर, ऑटो, पाच मिनिटांत काउंटर तीनशेच्या वर आणि अकराव्या मिनिटाला काळी स्क्रीन. मग रायझर तसाच ठेवून बायोसमध्ये जाऊन एक्स१६ स्लॉटचं सेटिंग ऑटोवरून जेन ३ केलं. पोरगा जागरणाच्या नावाखाली रात्रभर खेळला, सकाळी आरतीला तांबारलेले डोळे घेऊन आला, काउंटर शून्य. मग मुद्दाम परत ऑटो. नऊ मिनिटं. परत जेन ३. शांत.

ज्यांना वाटेल की ३ वर आणलं म्हणजे कार्ड अर्धं झालं, त्यांच्यासाठी. कागदावर एक्स१६ ला जेन ३ चे सेकंदाला पावणेसोळा जीबी आणि जेन ४ चे साडेएकतीस. थ्रीडीमार्कमध्ये पीसीआय एक्स्प्रेसची वेगळी टेस्ट आहे, तिच्यात रायझरवर जेन ३ ला १३ च्या आसपास आलं, थेट स्लॉटला त्याच्या दुप्पट, आणि रायझरवर ऑटोला टेस्ट पूर्णच झाली नाही. पण गेममध्ये, १०८० पी वर, त्याच जागी तीच चक्कर मारून, सरासरी ९१ आणि ८९. दोन फ्रेम. एका दुकानात चौथ्या जनरेशनचा चांगला रायझर विचारला, चार-साडेचार हजार सांगितले. दोन फ्रेमसाठी साडेचार हजार, मी नको म्हटलं. थेट स्लॉटमध्ये लाव, फुकट होईल, असंही सुचवलं, तर बारक्याने माझ्याकडे असं बघितलं की काचेतून पंखे दिसणार नाहीत म्हणजे मी त्याला गणपती आतल्या खोलीत बसवायला सांगतोय.

एक्स्चेंजवाल्याला फोन करून काही सुनवावं असं वाटलं, मग सोडून दिलं, त्याने फोनवर न बघता निदान केलं, मी रिमोटवर बघून केलं आणि तेवढंच चुकलो.

आता मी कोणाचाही ग्राफिक्स क्रॅशचा फोन आला की ड्रायव्हरचं नंतर बोलतो, आधी त्याला सिस्टिम इन्फर्मेशनचा फोटो पाठवायला सांगतो, म्हणजे तो काय म्हणतो त्यापेक्षा मशीनमध्ये काय आहे ते दिसतं. मग इव्हेंट व्ह्यूअर वॉर्निंगसकट. १७ नंबरची रांग दिसली की रायझर, स्लॉट, कार्ड नीट बसलंय का, हे सगळं आधी, आणि बायोसमध्ये एक जनरेशन खाली उतरवून बघणं हा दोन मिनिटांचा फुकट उपाय आहे, डीडीयूला अर्धा तास जातो. रांग नसेल तर मग तापमान, पॉवर, रॅम आपापल्या क्रमाने. आणि काय बदललंस हा प्रश्न विचारताना आई शेजारी बसलीये का हे पण.

मावशी हे वाचत नाही म्हणून बिनधास्त लिहितोय. तिला मी सांगितलं की वायर खराब होती, जे अगदीच खोटं नाही.

नोव्हेंबरात दिवाळी झाल्यावर त्याचा परत मेसेज आला, फोन नाही, मेसेज. बायोस अपडेट केला, सेटिंग परत ऑटोवर गेलं, सातव्या मिनिटाला क्रॅश, जेन ३ केलं, चालू आहे. खाली कॅबिनेटच्या आतल्या पत्र्याचा फोटो, त्यावर चिकटपट्टीवर स्केचपेनने लिहिलेलं, जेन ३ ठेवणे, आणि त्याच्या खाली लहान अक्षरात, आईला फोन देऊ नये.